मलिक अंबरचे शेजारी

युद्धाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा दोनच पक्ष विचारात घेतले जातात. एक चढाई करणारा आणि दुसरा चढाई सोसणारा. पण प्रत्येक मोठ्या युद्धाला एक तिसरा पक्ष असतो, तो शेजाऱ्यांचा. आग दुसऱ्याच्या घराला लागलेली असते. झळ ह्यांच्या भिंतीला लागत असते. हे शेजारी काय करतात ह्यावर युद्धाचा निकाल पुष्कळदा ठरतो. युद्ध संपल्यावर चढाईखोराशी त्यांचे कोणते नाते जडते, ह्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे भवितव्य ठरते. प्रस्थापित इतिहासलेखनाने राजांची शौर्ये आणि तहांच्या तारखा भरपूर दिल्या. शेजाऱ्यांच्या भीतीचा आणि लोभाचा हिशेब मात्र फारसा मांडला नाही.

हा हिशेब मांडायला दूर जाण्याची गरज नाही. मराठवाड्याच्या मातीतच त्याची सामग्री पडून आहे. १५९५ पासून १६३६ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे, दिल्ली-आग्र्याच्या मोगलांनी अहमदनगरच्या निजामशाहीवर चढाई चालविली. निजामशाहीला दोन थोरले शेजारी होते : विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही. ह्या एकेचाळीस वर्षांपैकी सव्वीस वर्षे मोगलांपुढे उभा राहिलेला माणूस म्हणजे मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी गावी जे शहर वसविले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

अंबर हा जन्माने राजपुत्र नव्हता, सरदारपुत्रही नव्हता. तो इथिओपियात जन्मलेला हबशी. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे असा फिरत तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि मोगलांची स्वारी आली त्या सुमारास पुन्हा निजामशाहीत परतला. बाजारात ज्याची किंमत ठरविली गेली त्या माणसाने एका राज्याची किंमत राखली. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी दोन ओळींत उरकली आहे.

मोगलांची पहिली मोठी स्वारी १५९५ मध्ये झाली. शहाजादा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम ह्यांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ला चांदबिबीने लढविला. ती निजामशाहीची लेक आणि आदिलशाहीची सून. दोन शेजारी राज्यांतले नाते तिच्या रूपाने किल्ल्यात उभे होते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देऊन तिने वेढा उठविला. ह्यावेळी शेजाऱ्यांना धोका स्पष्ट दिसला. पूर्वी सीमेवरच्या एकेका किल्ल्यासाठी एकमेकांशी भांडणारी ही तीन राज्ये एकत्र आली. १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा ह्यांच्या एकत्रित फौजा सुहेलखानाच्या हाताखाली मोगलांशी लढल्या. लढाई हरली, पण तीन शेजारी एका रणांगणावर एका बाजूने उभे राहिले, हे ध्यानात घेतले पाहिजे. भीतीने माणसे जवळ येतात ती ही पहिली पायरी.

दुसरी पायरी लगेच सुरू होते. १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला. राजधानी पडली म्हणजे राज्य संपले, असा हिशेब विजापूरने केला असावा. कारण १६०४ मध्ये इब्राहिम आदिलशहाची मुलगी अकबराचा मुलगा दानियाल ह्याला देण्यात आली. हे लग्न कोठे लागले? पैठणला, गोदाकाठी. ज्या नदीच्या काठी सात वर्षांपूर्वी विजापूरचे शिपाई मोगलांशी लढताना पडले होते, त्याच नदीच्या काठी विजापूरच्या राजकन्येच्या लग्नाचे मांडव पडले. मुलगी देऊन शांतता विकत घेण्याचा हा व्यवहार राजघराण्यांना नवा नव्हता. त्या मुलीला कोणी विचारले नसणार, हे सांगायलाच नको.

पण राज्य संपले नव्हते. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला परांड्यास गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि विखुरलेले सरदार गोळा केले. त्याने मोठी लढाई टाळली. मोगलांची रसद तोडावी, छावणीभोवती घिरट्या घालाव्या, शत्रू दमला की तुटून पडावे, अशी त्याची रीत. त्या कामी त्याने मराठा घोडेस्वारांचा मुबलक उपयोग केला. अंबरला यश येऊ लागताच विजापूरचा हिशेब पुन्हा बदलला. इब्राहिम आदिलशहाने त्याला कंधारचा किल्ला दिला, घोडदळ दिले. मोगल आणि आपण ह्यांच्यामध्ये एक भिंत उभी असलेली बरी, असा हा विचार होता. भिंतीच्या डागडुजीला शेजारी पैसे देतो, तसे ते देणे. १६१० मध्ये अंबरने अहमदनगरचा किल्ला परत घेतला. खडकीचा भडकल दरवाजा ही मोगलांवरील विजयाचीच खूण मानली जाते.

ह्यानंतर जहांगीर बादशहाने जे केले ते तोफांहून परिणामकारक ठरले. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. पुढच्या वर्षी शहाजादा खुर्रम दख्खनला आला. विजापूरने मध्यस्थी केली आणि अंबरला अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडावा लागला. खुर्रमला शहाजहान हा किताब मिळाला. विजापूरच्या इब्राहिमला काय मिळाले? ‘फर्जंद’, म्हणजे पुत्र, ही पदवी. काल जो स्वतंत्र राजा होता तो आज बादशहाचा मानलेला मुलगा झाला. मुलगा म्हटले की बाप आला, आणि बाप आला की त्याची आज्ञा आली. ह्या एका शब्दात शेजाऱ्याचे स्वातंत्र्य खर्ची पडले, आणि तरी तो शब्द मानाचा वाटला. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडे पाहून विजापूरला म्हणता येत होते की, आम्ही तुमच्यापेक्षा जवळचे.

१६२० मध्ये तिन्ही राज्ये पुन्हा एक झाली. त्यांच्या फौजांनी मोगलांना मागे रेटीत थेट बुऱ्हाणपूरपर्यंत नेले. १६२१ मध्ये शहाजहान परत आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली आणि तह झाला. ह्या तहातील दंडाची वाटणी पाहण्यासारखी आहे. एकूण पन्नास लाख रुपये. त्यापैकी बारा लाख निजामशाहीने, अठरा लाख विजापूरने आणि वीस लाख गोवळकोंड्याने द्यायचे. ज्याच्या भूमीवर युद्ध झाले त्याच्यावर सर्वांत कमी, आणि जे मदतीला आले त्यांच्यावर जास्त! निजामशाहीचा मुलूख लुटून-जाळून रिकामा झाला होता, म्हणून तिच्याकडून कमी मागितले असेल. पण परिणाम उघड होता. शेजाऱ्याला मदत करण्याची किंमत मदतीपेक्षा मोठी आहे, हा धडा दोघांनाही रुपयांत शिकविला गेला.

धडा विजापूरने लवकर गिरविला. १६२३ च्या सुमारास अंबर आणि आदिलशहा दोघेही एकमेकांविरुद्ध मोगलांची मैत्री मागत होते. होय, अंबरसुद्धा. इथे त्याला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. मोगलांनी विजापूरला पसंत केले आणि विजापूरने मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली पाच हजार स्वार मोगलांच्या सेवेला बुऱ्हाणपूरला पाठविले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढायला विजापूरची फौज गोदावरीवर आली होती, त्यांच्याच छावणीत आता ती चाकरीला उभी होती.

अंबरने गोवळकोंड्याशी तह केला, बीदरवर झडप घातली आणि विजापूरच्या वेशीपर्यंत धडक मारली. लारी मोगलांची कुमक घेऊन परतला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल-विजापूरच्या एकत्रित फौजेचा पुरा पराभव केला. लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने शहाजी भोसले लढले, त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. मोगलांच्या बाजूला शहाजींचे सासरे लखुजी जाधव होते. चढाईखोराने राज्याराज्यांत पाडलेली फूट अशी घराघरांत शिरली होती. त्यानंतर अंबरने विजापूरला वेढा घातला आणि इब्राहिमने मोठ्या हौसेने वसविलेले नौरसपूर जाळले. खडकी मोगलांनी जाळली, नौरसपूर अंबरने जाळले. भातवडीचा विजय मोठा खरा. पण ज्या युद्धात मोगलांविरुद्ध निघालेली तलवार शेजाऱ्याचे शहर जाळून म्यान होते, त्या युद्धात खरा विजय कोणाचा झाला, हे विचारले पाहिजे.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याला खुलताबादला पुरले. जहांगीर त्याच्याविषयी लिहिताना त्याच्या कातडीच्या रंगाचीच शिवी करतो. अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे, असे चित्रही त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. शत्रूला रणात जिंकता आले नाही म्हणजे त्याची जात, त्याचा रंग, त्याचा जन्म काढायचा, ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

तिसरी पायरी वाटणीची. १६२८ मध्ये शहाजहान गादीवर आला. त्याने विजापूरपुढे प्रस्ताव ठेवला की, निजामशाही संपविण्यास साह्य करा, तिचा एक-तृतीयांश मुलूख तुमचा. विजापूरच्या दरबारात दोन तट पडले. मुस्तफाखानाचा तट म्हणे, घ्यावे. रणदुल्लाखानाचा तट म्हणे, हे राज्य बुडाले की पुढचे आपण. आधी लोभाचा तट जिंकला. मोगल कबूल केलेला मुलूख देत नाहीत असे दिसल्यावर विजापूर पुन्हा निजामशाहीकडे वळले. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादला वेढा दिला तेव्हा रणदुल्लाखान किल्ल्याच्या मदतीला आला. पण तोवर उशीर झाला होता. अंबरचाच मुलगा फत्तेखान ह्याने पैसा घेऊन किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. शहाजींनी एका लहान मुलाला निजामशहा म्हणून पुढे करून आणखी तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये शहाजहान स्वतः दौलताबादला आला, त्याच्या फौजांनी विजापूरचा मुलूख उजाड केला आणि तह झाला.

हा १६३६ चा तह शेजारधर्माचा मृत्युलेख आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. विजापूरने बादशहाचे वर्चस्व मान्य केले, वीस लाख रुपये दिले आणि शहाजींना नमविण्यास मोगलांना साह्य करण्याचे कबूल केले. बदल्यात निजामशाहीच्या मुलखाचा मोठा तुकडा विजापूरला मिळाला. गोवळकोंड्याने खुतबा आणि नाणे शहाजहानच्या नावाने चालविण्याचे व दरसाल दोन लाख होन देण्याचे मान्य केले. दोघांनाही वाटले, सुटलो. वीस वर्षे शांतता मिळालीही, आणि त्या काळात दोघांनी कर्नाटकातील दुबळ्या राज्यांवर तेच केले जे मोगलांनी त्यांच्यावर केले होते.

मग १६५६ उजाडले. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता; खडकीला औरंगाबाद हे नाव त्याच्याच कारकिर्दीत मिळाले. त्याने गोवळकोंड्याकडे खंडणीची थकबाकी काढली. मधल्या वीस वर्षांत होनाचा भाव चार रुपयांवरून पाच रुपयांवर गेला होता. तो फरक मागे जाऊन भरा, असे सांगण्यात आले. नाण्याच्या भावातून स्वारीचे निमित्त काढले गेले. पुढच्या वर्षी विजापूरची पाळी आली. बीदर आणि कल्याणी गेले. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा मोगलांनी कायमचे गिळले. निजामशाहीच्या वाटणीतील तुकडा विजापूरने बरोबर पन्नास वर्षे खाल्ला.

ह्या सगळ्यात रयतेचे काय झाले? अंबरने जमीन मोजून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविला, खडकीला नहरीचे पाणी आणले; हे त्याचे मोठेपण. पण रसद तोडणे म्हणजे कोणाचे तरी उभे पीक कापणे, आणि मुलूख उजाड करणे म्हणजे कोणाचे तरी छप्पर जाळणे. १६३० मध्ये विजापूरच्या मुरार जगदेवाने शहाजींची जहागीर म्हणून पुणे जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरविला, असे बखरी सांगतात. त्याच सुमारास, १६३० ते १६३२, दख्खन आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. तुकोबांची पहिली बायको आणि मूल ह्या दुष्काळात गेले. त्याच वेळी शहाजहान ह्याच युद्धासाठी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. १६३१ मध्ये त्याची बेगम मुमताज तिथे बाळंतपणात वारली. तिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला. ज्यांचे धान्य त्या तळाने खाल्ले त्यांच्यासाठी एक दगडही नाही.

आणि गावाबाहेरच्या वस्तीचे काय? फौज कोणाचीही असो, मोगलांची, विजापूरची की अंबरची, तिला वाट दाखवायला, ओझे वाहायला, घोड्यांना गवत आणि चुलीला लाकूडफाटा पुरवायला गावचा महार वेठीला धरला जाई. वतनाने ते काम त्याच्याच माथी मारले होते. तह झाला की राजे मित्र होत. वेठ मात्र तशीच राही. गुलामीतून वर आलेल्या अंबरच्या राज्यातही गावगाडा होता तसाच राहिला, आणि त्याच्या पदरी विकत घेतलेले हबशी गुलाम होते. माणूस गुलामीतून सुटला म्हणजे गुलामी सुटत नाही, हे कटू सत्य ह्या थोर माणसाच्या चरित्रातूनच शिकावे लागते.

चढाईखोराचे सामर्थ्य त्याच्या तोफांत असते, त्याहून अधिक ते शेजाऱ्यांच्या परस्परसंबंधांत असते. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर ह्यांना एकमेकांशी बोलायचे तर ते बुऱ्हाणपूरच्या मोगल छावणीतून बोलावे लागावे, ही खरी मोगल नीती. एकाला पुत्र म्हणायचे, दुसऱ्याला थोडी कमी खंडणी लावायची, तिसऱ्याचा तुकडा दोघांसमोर धरायचा. आपल्या समाजरचनेची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे मर्म सांगितले, तेच इथे राज्याराज्यांत दिसते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणी आहे एवढ्याचे समाधान असते, म्हणून शिडीच मोडण्याचा विचार कोणी करीत नाही. विजापूरला मोगलांचा जाच होता. पण निजामशाहीपेक्षा आपण वर आहोत, ह्या सुखात त्याने पन्नास वर्षे काढली.

ही केवळ दख्खनची कथा नाही. १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले तेव्हा शेजारच्या पोलंडने त्याचा निषेध करण्याऐवजी तेशेनचा तुकडा स्वतः घेतला. एका वर्षाच्या आत, १९३९ मध्ये, हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. उलट उदाहरणही आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. रशियाशी लांबच लांब सीमा असलेला फिनलंड अनेक दशके कोणत्याही लष्करी गटात नव्हता. तो २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेले. भीतीने शेजारी जवळ आले, १५९७ च्या गोदाकाठासारखे. पण पहिल्या पायरीवरची ही जवळीक दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर टिकते का, हा प्रश्न तिथेही उरतोच. किताब, सवलत आणि वाटणी ही तीन आमिषे प्रत्येक शतकात नव्या नावांनी येतात.

दख्खनमध्येही ती फोडता येत नव्हती असे नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांनाही मोगलांच्या बाजूने विजापूरवर जावे लागले होते. पण त्या शिडीवर ते थांबले नाहीत. १६७७ मध्ये त्यांनी गोवळकोंड्याला जाऊन कुतुबशहाशी सख्य केले. मोगलांना मध्ये न घेता शेजाऱ्याशी थेट बोलण्याचा हा मार्ग होता. पाऊणशे वर्षांच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण होते, पण सर्वांना सुचेपर्यंत वेळ निघून गेली होती.

भडकल दरवाजापाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर चौदा एप्रिलला तिथे हजारो माणसे जमतात. तो दरवाजा एका विकल्या गेलेल्या माणसाने, आक्रमकाला मागे रेटल्याची खूण म्हणून उभारला, हे जमणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. आणि त्या विजयाच्या वेळी शेजारी त्याच्या पाठीशी होते, पुढे ते एका पदवीसाठी आणि काही परगण्यांसाठी फुटले, हेही त्याच दमात सांगितले गेले पाहिजे. शेजारच्या वस्तीवर हल्ला होतो तेव्हा आपल्या दाराशी कोणी मानाचा शेला घेऊन येतो काय, हे ओळखायला हा इतिहास उपयोगी पडतो.